समुद्राचा दुसरा काठ

दुकान वाढवलं की मी या ओट्यावर बसतो, आणि मी बसलो की तुम्ही जमता. गोष्ट पाहिजे. सांगतो. पण ही ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली तो माझं रोजचं गिऱ्हाईक होता, आणि शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिला. शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण खोटा माल कोणी माझ्या गळ्यात मारलेला नाही. तेव्हा ऐका.

आर्णीत, दारव्ह्यात, पुसदला एखाद्या बैठकीत किंवा न्हाव्याच्या दुकानात भिंतभर समुद्र दिसतो ना, तो गफ्फार मिस्त्रीचा. नीळ, गेरू, काजळी, चुना, सगळं माझ्याकडून नेत असे. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. बिस्किटाच्या डब्यावर पाहिला, तेवढाच. बाकीचं पाणी तो आपल्या अरुणावती नदीचा पूर पाहून काढायचा. अन् त्याचा एक नेम होता, जीव असलेलं काही काढायचं नाही. माणूस नाही, बैल नाही, पाखरू नाही.

मी एकदा म्हटलं, "अरे, नावेत एक नावाडी तरी बसव. रिकामी नाव चालते कशी?"

"नावाडी काढीन शेठ. पन त्याच्यात जीव कोन टाकन? तुमी?"

असा तोंडाचा तिखट. हाताचा मात्र देवमाणूस.

सन साठचा वैशाख. बुधवार, अवसेचा दिवस. दिवेलागणीला गफ्फार दुकानात आला. म्हणाला, नीळ द्या अन् कळीचा चुना द्या. मी विचारलं, बापूजींच्या घरचं काम तर संपलं ना?

तो खाली पाहून म्हणाला, "एक चूक राह्यली. रातभरात दुरुस्त करतो."

ही चूक काय, ते आधी सांगतो.

आपल्या आर्णीच्या बापूजींचा थोरला मुलगा देवमन मुंबईला गेला आणि एका मालाच्या गलबतावर खलाशी झाला. आदल्या श्रावणात गलबत बुडालं. पत्र आलं. देह मिळाला नाही. तेरावं झालं, पण त्याची आई तानाबाई काही रडली नाही. ती जेवेना, आणि रात्री दाराला कडी लावू देईना. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "माह्या पोरानं जे पाह्यलं, थे मले पाहू द्या. समुद्र काढून द्या घरात."

गफ्फारनं माजघरात भिंतभर पाणी काढलं. आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, पलीकडे, काठ काढला. लाल मुरमाची दरड, दोन बाभळी. काढणारच. आपण वऱ्हाडातली माणसं. पाणी म्हटलं की त्याला पलीकडचा काठ असतोच, नदीला असतो, तळ्याला असतो. आपल्याला बिनकाठाचं पाणी सुचतच नाही.

तानाबाई त्या काठाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गफ्फारदादा, पोट्टं पोहनारं होतं माह्यं. काठ हाये म्हंजे निंघालं असन कुठंतरी."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. आठ महिन्यांनी.

आणि मग त्या बुधवारी बापूजींच्या ओळखीचे बबनराव आले. यवतमाळला त्यांचं नवं भोजनालय होत होतं, भिंतीसाठी चित्रकार शोधत होते. समुद्र पाहिला आणि पोट धरून हसले. "अबे मिस्त्री, हा समुद्र हाये का गावचं तळं? मी मुंबईले चारदा गेलतो. समुद्राले पलीकडं काठ नसते बाप्पा! हे लोकं पाहतीन तर हसतीन."

त्यांनी सांगितलं, उद्या सकाळच्या मोटारीच्या आधी मी पाहून जाईन. काठ पुसलेला दिसला, तर माझ्या चारही भिंती तुझ्या.

वीस वर्षं समुद्र काढणाऱ्या माणसाला कोणी सांगावं की तुला समुद्र ठाऊक नाही... लागलं त्याला.

तानाबाईनं हात जोडले. "नोको पुसू रे दादा. काठ नसन तर थो उभा कुठं राहीन?"

"काकू, चित्र हाये ते."

"मंग राहू दे ना चित्रात."

त्यानं ऐकलं नाही. बापूजी लग्नाला पुसदला गेलेले. रात्री दहानंतर गफ्फार माजघरात शिरला. उन्हाळ्यात चुन्याचं काम रात्रीच बरं, दिवसा भिंत तापते आणि चुना धरत नाही. कंदील खिळ्याला लावला. तानाबाई मधे येऊ नये म्हणून आतून कडी घातली. त्या घरात आठ महिन्यांत पहिल्यांदा कडी लागली.

मग त्यानं काठावर चुन्याचा हात फिरवला. दरड गेली. एक बाभूळ गेली. दुसरी गेली. ओल्या चुन्यावर नीळ फिरवली. बाराच्या सुमाराला काम झालं. मागं सरून पाहिलं, तर पाणीच पाणी.

तेव्हा त्याला आवाज आला.

चुबुक्...

दूरवर कोणी पाण्यात हात मारावा तसा. त्याला वाटलं, नदीत म्हैस असेल. मग आठवलं, वैशाख आहे. नदीत वाळू आहे. गावात विहिरीचा गाळ उपसून राहिलेत.

चुबुक्... चुबुक्...

भिंतीतून येत होता. त्यानं कान लावला. भिंत गार होती.

हात मारत कोणीतरी डावीकडून उजवीकडे गेलं. थांबलं. उजवीकडून डावीकडे आलं. पुसलेल्या काठाच्या रेघेवरून. इकडून तिकडे. जसं कोणी अंधारात दाराची कडी चाचपावी... तसं.

मग श्वास ऐकू आला. दमलेला.

"कोन हाये?"

हात मारणं तेवढं चालू. पण आता मधली थांबण्याची वेळ वाढली होती. चुबुक्... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा.

गफ्फार मला म्हणाला, "शेठ, मी पोहनारा मानूस. मले समजलं. थो बुडून राह्यला होता."

काठ परत काढावा, तर गेरू संपलेला होता. त्यानं सगळी पुडकी उलटी केली. पिवळी माती नाही, काही नाही. नुसती नीळ. पाण्याचा रंग तेवढा भरपूर! भिंतीच्या भेगा बुजवायला भिजवलेली काळी माती मात्र घमेल्यात होती. शेतातली. आपली. तो घमेल्याकडे वळला, आणि कंदील गेला.

रॉकेल संपलं, की काय झालं, कोण जाणे.

अंधार. अवस. त्यानं घमेलं चाचपलं. तो भिंतीशी गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांनी माती उचलली आणि लिंपत सुटला. जिथं हात पुरला तिथं. वर कुठं, खाली कुठं, काही दिसत नव्हतं.

"देवमन! इकडं! इकडं काठ हाये रे! इकडं ये..."

चुबुक्...

"ये बाप्पा..."

काही नाही.

काही नाही.

तो थांबला. दोन्ही तळवे मातीवर.

आणि उजव्या हाताशेजारची माती दबली. पचकन.

त्यानं दाबली नव्हती.

पुढचं त्याला आठवत नाही.

पहाटे दारावर थाप ऐकून तो शुद्धीवर आला. कडी आतून लागलेलीच होती. खिडकीला गज. त्यानं कडी काढली, बाहेर तानाबाई उभी होती. तिला चुकवून तो पळत सुटला तो माझ्या दुकानी. कोपरापर्यंत माती. मी पाणी पाजलं, सगळं ऐकलं आणि त्याला घेऊन तसाच बापूजींच्या घरी गेलो.

समुद्राच्या पलीकडे काठ नव्हता. निळं पाणी, थेट आढ्यापर्यंत. काठ खाली होता. जमिनीलगत, आपल्या बाजूला. अंधारात त्यानं तो अलीकडे लिंपला होता.

आणि त्या मातीत एक पाऊल उठलेलं. अनवाणी. टाच पाण्याकडे. बोटं खोलीकडे.

मी गफ्फारचा पाय शेजारी लावून पाहिला. सुतळीनं मोजलं. त्याच्या पायापेक्षा दोन बोटं लांब. आणि गफ्फार स्वतः असलं काही काढणारा माणूस नाही, हे तर सांगितलंच.

एकच पाऊल. दुसरं ठेवायला पुढं माजघराची जमीन. तिच्यावर काहीच नव्हतं.

तानाबाई स्वयंपाकघरात गेली. बाहेरून आलेल्याला पाय धुवायला देतात तसा पाण्याचा तांब्या आणून भिंतीशी ठेवला. मग गफ्फारकडे वळली. आवाज चढवला नाही. रडली नाही.

"दादा, कडी कायले लावली होती?"

गफ्फार खाली वाकला आणि उरलेल्या निळीचं पुडकं उचललं.

तेवढ्यात बबनराव आले, मोटारीच्या घाईत. भिंत पाहून खूश. "हा! आता बरोबर. समुद्राले काठ असते तो असा, आपल्याच बाजूचा. तेवढं पाऊल पुसून टाक." गफ्फारनं हातातली नीळ तिथंच ठेवली. यवतमाळच्या भिंती त्यानं केल्या नाहीत. पुढं तो आर्णी सोडून गेला. कुठं, ठाऊक नाही.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. तानाबाई आहे. दाराला कडी नाही.

तुम्ही शेतकऱ्यांची पोरं. काळी माती वाळली की काय होतं, मी सांगायला नको. त्या भिंतीवरचा काठ पहिल्याच आठवड्यात भेगाळला. बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. पण सगळ्या भेगा पावलापाशी येऊन थांबतात.

परवा बापूजींकडे गेलो होतो. उन्हानं पत्रे वाजत होते. माजघरात कोणी नव्हतं. मी वाकलो आणि टाचेच्या खळग्यात बोट लावलं.

ओलं होतं.