पंधरा म्हंजी पंधरा

मच्छिंद्र मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या तोंडात काचेची नळी होती आणि नळीचं दुसरं टोक सल्फ्युरिक ॲसिडच्या बरणीत.

सत्त्याण्णव सालचा श्रावण होता. यवतजवळच्या एका खासगी दूध केंद्रात मी केमिस्ट म्हणून लागले त्याला सहा महिने झाले होते. केमिस्ट हे म्हणायला. लॅब म्हणजे एक ओटा, एक खिडकी आणि हाताने फिरवायचं मशीन. मी अंगणातले कॅन बघून आत आले तर हा अनोळखी मनुष्य ओट्यापाशी वाकून ॲसिड ओढतोय. ओरडले असते तर दचकून त्याने श्वास आत घेतला असता. म्हणून मी मागून जाऊन नळी बोटांत धरली आणि हळूच म्हटलं, “ओढू नका. तोंड उघडा फक्त.”

त्याने तोंड उघडलं. ॲसिड नळीत चार बोटं वर आलं होतं.

मग मात्र मी त्याची बिनपाण्याने केली. आवाज न चढवता, कारण मला चढवता येत नाही. पण जे काय बोलले ते बाहेर कॅन धुणाऱ्यांनाही ऐकू गेलं असावं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दूध असंच वढतो की आम्ही?”

हे खरं होतं. दुधातली फॅट बघायची तर बुचाच्या जाड नळीत मापाने ॲसिड घ्यायचं, त्यावर मापाने दूध. ॲसिड दुधातलं बाकी सगळं खाऊन टाकतं आणि नळी मशीनमध्ये फिरवली की फॅट तेवढी पिवळी होऊन वर येते. गावोगावी दूध तोंडानेच ओढतात, चुकून जिभेवर आलंच तर दूधच ते. याला वाटलं, ॲसिडही तसंच. राहूचं संकलन केंद्र त्याच्याकडे नवीन आलं होतं आणि आमचे मॅनेजर सोपानराव यांनी त्याला आठ दिवस माझ्याकडे शिकायला धाडलं होतं. मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणाल तर मी कारेगावची. आण्णांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. शिरूरला जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं आणि आता यवतला कुशामावशीकडे राहत होते. नोकरीला आण्णांनी परवानगी दिली ती एका अटीवर. नाव कुणाच्या तोंडी आलं, की त्याच दिवशी पिशवी भरायची आणि घरी यायचं. घरी म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. शेजारच्या कारखान्यातला एक ऑपरेटर दिवाळीनंतर मला बघायला येणार होता. मुलगा वाईट होता असं नाही, मी त्याला पाहिलाही नव्हता. पण मला ती खोली, तो ओटा आणि दाराबाहेर लावलेली ‘पूनम’ ही माझ्या नावाची पाटी सोडायची नव्हती. नोकरी गेली असती तर मी कुणालाच माफ केलं नसतं.

तर मी त्याला शिकवायला लागले. ॲसिड तोंडाने नाही, मापट्याने घ्यायचं. हातमोजे, चष्मा. बाटली नेहमी दोन हातांनी धरायची, एक हात बुडाखाली. नळीला बूच लावायच्या आधी बूच कोरडं पुसायचं, फडक्यात गुंडाळून मग हलवायचं आणि तोंड कुणाच्याही दिशेने ठेवायचं नाही. ॲसिड पातळ करायचं झालं तर ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. हा शेवटचा नियम मी तक्त्यावर लाल शाईने लिहून भिंतीला लावला होता.

तो वहीत सगळं उतरवून घेत होता. मध्येच पेन थांबलं.

“मॅडम, एक इचारू? पाणी ॲसिडात टाकायचं न्हाई म्हणता. मग दूध कसं टाकता?”

“दूध आहे ते.”

“आन् दुधात पाणी नसतंय व्हय? आमच्या राहूच्या दुधात तर लई असतंय...”

मी चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहिले. प्रश्न बिनतोड होता. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत तो मला पडला नव्हता, आणि पडायला हवा होता. मग मी नळी तिरकी धरून त्याला दाखवलं. दूध काचेच्या कडेने हळूच सोडायचं, म्हणजे ते ॲसिडवर नुसतं बसून राहतं. बूच घट्ट लागेपर्यंत दोघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही.

“म्हंजी बसायचं जवळ, पर मिसळायचं न्हाई,” तो म्हणाला आणि तेही वहीत लिहायला लागला.

माझे कान गरम झाले. मी मशीनचा दांडा उगाच दोनदा फिरवून पाहिला.

आठ दिवस संपले, पण माणूस यायचा थांबला नाही. राहूच्या दुधाचा टेम्पो रोज सकाळी यायचाच. आता टेम्पोबरोबर हाही. कधी बूच बसत नाही, कधी फॅट वर येत नाही, कधी रंग काळा येतो. एकदा आईने दिलाय म्हणून खरवसाचा डबा घेऊन आला. लॅबमध्ये खायचं नाही, हा माझाच नियम, म्हणून बाहेर कॅनच्या कट्ट्यावर बसून खाल्ला. भुरभुर पाऊस होता. चमचा एकच होता. त्याने तो मला दिला आणि स्वतः बोटांनी खाल्लं. त्यांच्या आज्यापर्यंत सगळे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, याच्या बापाने मात्र जमीन धरली, असं काय काय सांगत होता. मी हं हं करत होते. तो मला आवडायला लागला होता. आज सांगायला काही वाटत नाही. तेव्हा मात्र मी मनातसुद्धा त्याला ‘राहूचे सेंटरवाले’ असंच म्हणत असे.

भाद्रपद लागला आणि एका सकाळी व्हायचं ते झालं. अंगणात तीसेक गवळी रांगेत. मी बूच लावून नळ्या देत होते, तो फडक्यात धरून हलवत होता. मी त्याला कशावरून तरी बोलले, नेहमीसारखीच, खालच्या आवाजात.

“आमची म्हातारी मेंढरावर दिवसभर वरडायची,” तो म्हणाला, “तुम्ही नुसतं बघता. मेंढरं तुम्हालाच जास्त भ्याली असती.”

मी हसले. हसता हसता हातातलं बूच तसंच लावलं. ते दुधाने ओलं होतं आणि मी पुसलं नाही. त्याने नळी हलवली, नळी तापली आणि बूच निसटलं. मोज्याच्या वर, मनगटापासून कोपरापर्यंत ॲसिड उडालं.

तो ओरडला नाही. नुसता “आई गं” म्हणून खाली बसला. बाहेरची माणसं आत घुसली. एकजण दुधाचं मापच घेऊन आला ओतायला. रांगेतल्या म्हाळूआप्पांनी चंचीतून चुन्याची डबी काढली आणि चुना लावा म्हणाले, चुना आग मारतो. ॲसिडवर चुना लावला असता तर हात आणखी भाजला असता. मी आप्पांच्या हातातली डबी हिसकावून खिडकीबाहेर फेकली. साठीच्या माणसाला असं करायला नको होतं, पण केलं. मग मच्छिंद्रला बखोट धरून ओढत अंगणातल्या कॅन धुवायच्या नळाखाली नेलं, मोजा काढला, बाही फाडली आणि हात पाण्याखाली धरला. माझ्या दोन्ही हातांनी.

खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. सात वाजून पस्तीस.

दोन मिनिटं गेली. मग कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, पोरी, झालं की आता, सोड. सोपानराव दारात येऊन उभे राहिले. तीस माणसं, तीस गावांचे रस्ते. त्यातला एकतरी संध्याकाळपर्यंत कारेगावला पोचणार हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतं, कारण आण्णांची अट मी त्याला त्या कट्ट्यावरच सांगितली होती.

“सोडा मॅडम. समदी बघत्यात. मी धरतो माझा मी.”

“तुम्ही थंड वाटलं की काढून घ्याल. पंधरा म्हंजी पंधरा.”

मी पहिल्यांदाच त्याच्या बोलीत बोलले. त्याने मान खाली घातली. मग खाली बघूनच म्हणाला, “बूच मी नीट दाबलं न्हाई, असं सांगतो. तुम्ही काय बोलू नका.”

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नळाचं उडालं म्हणून भागण्यासारखं नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, पाण्याखाली धरला म्हणून थोडक्यात निभावलं, डाग राहील पण हात चालेल. अपघाताच्या वहीत मी लिहिलं: बूच ओलं होतं, चूक केमिस्टची. खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी आण्णा आले. पांढरी टोपी, हातात छत्री, चेहऱ्यावर काही नाही. सोपानरावांच्या खोलीत बसले. सोपानरावांनी माझी बाजू चांगली मांडली. लॅबच्या भिंतीवरचा तक्ता काढून आणून आण्णांना दाखवला, लाल शाईतला नियम मोठ्याने वाचला. साक्षीला मच्छिंद्रला बोलावलं. हाताला बँडेज, मान खाली. तो म्हणाला, मॅडमनी नियम पाळला, दुसरं काय न्हाई. माझ्या जागी कुणीबी असता तरी त्यांनी हेच केलं असतं.

आण्णांनी ऐकून घेतलं. त्यांचे खांदे जरा सैल पडले. छत्री घेऊन ते उठायलाही लागले.

“म्हंजी पंधरा मिनिटाचा नियम व्हता,” ते म्हणाले, “आन् तू पंधरा मिनिटं धरलास. झालं तर मग. लोकान्ला सांगाया तोंड हाय मला.”

सगळं वाचलं होतं. नोकरी, ओटा, पाटी. मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“वीस धरला, आण्णा.”

सोपानरावांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या पोरीला वेड लागलंय.

“घड्याळ दिसत होतं मला,” मी म्हटलं. “पंधरा झाली ते कळलं होतं. पंधरा ॲसिडसाठी धरला. पुढची पाच... मला सोडायचा नव्हता.”

आण्णा परत खाली बसले. बराच वेळ छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता मच्छिंद्रला विचारलं, “आन् तुला कळत नव्हतं व्हय रं? पंधरा झाल्यावर हात काढून घ्यायचा.”

मच्छिंद्रने मान वर केली. इतक्या दिवसांत इतका सरळ त्याने कुणाकडेच बघितलं नसेल.

“कळत व्हतं आण्णा. मी बी मोजत व्हतो. साठ आकडं म्हंजी एक मिनिट, असं करत... पंधरा झाली तवा मनात म्हणलं, आता ह्या सोडणार. सोडला न्हाई, तर मी परत एकपासून मोजाया लागलो.”

मला रडूही आलं आणि हसूही, आणि दोन्ही दाबून मी उभी राहिले. आण्णांनी त्याला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. उत्तरात जात आपोआप आलीच. ती ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

“दिवाळीला ते पाहुणे येणार हायत,” ते शेवटी म्हणाले. “त्यान्ला येऊ नका म्हणून निरोप धाडतो. पुढचं मी काय बोललेलो न्हाई. ते मला जमंल का न्हाई, मलाच ठावं न्हाई अजून.”

मग त्यांनी सोपानरावांना शिरूरकडे जाणारी गाडी कितीला आहे ते विचारलं. पिशवी भर, असं मला म्हणाले नाहीत. फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि मच्छिंद्रला म्हणाले, “हाताला पाणी लावू नगं आता.”