टेबलाखालचं चाक

एक होता सुतार, एक होती सुतारीण आणि त्यांची एक चार वर्षांची पोर, ठमी. मागे घर, पुढे कारखाना, मध्ये एक दार. हा सुतार म्हणजे माझ्या नणंदेचा जावई, तेव्हा ही उडत आलेली गोष्ट नव्हे. त्यानंच मला सांगितली, आणि सांगताना तो दाराकडे पाठ करून काही बसला नाही.

ठमीला झोपेत चालायची खोड. डोळे टक्क उघडे, पण जागी नाही. म्हणून मधल्या दाराला रोज न चुकता कडी लागायची.

सुतारानं एक जुनी टेबल-करवत आणली. तिचा मालकही सुतारच, नुकताच वारलेला. त्याची म्हातारी म्हणाली, "यंत्र चांगलं आहे हो. फक्त आमच्या ह्यांच्या सवयीचं आहे..."

आता ही करवत कशी, तर टेबलाच्या फटीतून गोल दातेरी पातं वर येतं. टेबलाखालचं चाक फिरवलं की पातं वर-खाली होतं, आणि चाकाची चकती आवळली की तिथंच ठरतं. ठरायला हवं. हे ठरेना. सुतार फळी आणायला वळला की पातं बोटभर खाली. जेवून आला की पार टेबलाच्या पोटात.

शाळेच्या बाकांचं काम अंगावर, सोमवारी द्यायचं, आणि खाचा पडतायत एक खोल, एक उथळ. त्यानं आतल्या दात्यांत घट्ट बसलेला भुसा जुन्या ब्रशनं खरवडून काढला. तेलाला भुसा चिकटतो म्हणून मेण लावलं. झिजलेला वायसर बदलला. सगळं करून हात धुऊन येतो तो पातं खाली.

शेवटी मेहुण्याला बोलावलं. तो फिटर, आणि जिभेला हाड नसलेला.

"दाजी, यंत्र ठणठणीत आहे. दोष मालकात दिसतोय."

"चहा झाला ना पिऊन? मग आता काम कर."

मेहुणा खाली बसून चाकाकडे बघत राहिला. बराच वेळ. उठला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"तुम्ही समोर उभे असता तोवर हलत नाही. पाठ केलीत की खाली जातं. घसरत नाही दाजी... फिरतं. कुणी हातानं फिरवावं तसं, सावकाश."

सुतार हसला. मेहुणा हसला नाही. त्यानं चाकाला लोखंडी शिकंजा आवळला, तेव्हा कुठे पातं ठरलं.

शनिवारची रात्र. आभाळात चंद्र नव्हता. घरातली माणसं झोपलेली, सुतार एकटाच खाचा पाडत होता. करवत चालू असतानाच वीज गेली. थोडा वेळ वाट पाहिली, मग चाचपडत तो घरात आला आणि आडवा झाला. दमलेला जीव. करवतीचा खटका दाबलेलाच राहिला. पातं वर, शिकंज्यात पक्कं. आणि मधल्या दाराची कडी... तीही लावायची राहिली.

घरघर ऐकून त्याला जाग आली.

वीज आली होती. करवत फिरत होती.

त्यानं शेजारी हात टाकला. अंथरूण गार.

पोर नव्हती.

तो धावला. कारखान्यात दिवा जळत होता. ठमी खोक्यावर चढून उभी. डोळे उघडे. दोन्ही तळवे टेबलावर. बरोबर फटीवर.

हाक मारावी, तर ती दचकेल...

श्वास धरून तो पुढे गेला. खटका बंद केला. घरघर मंदावली. थांबली. तळव्यांखाली, केसभर अंतरावर, पातं होतं. टेबलाच्या आत.

त्यानं पोरीला उचललं. बोटं चाचपली. सगळी होती.

मग ऐकू आलं... टेबलाखाली कुणी धापा टाकत होतं.

ठमी जागी झाली. त्याच्या खांद्याआडून खाली बघत म्हणाली, "बाबा, ते खाली का बसलेत?"

"कोण गं?"

तिनं टेबलाखाली बोट दाखवलं.

त्यानं वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. शिकंजा भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्यानं चाकाला हात लावला. कोमट. घामानं ओलं.

पुन्हा त्यानं चाकाला शिकंजा लावला नाही. काम थांबलं की पातं आपल्या हातानं खाली न्यायचा, मगच पाठ करायचा. तेव्हापासून पातं कधी हललं नाही. बाक वेळेवर गेले, दुसऱ्या शाळेचं काम आलं, मग तिसऱ्या. घरावर मजला चढला, ठमीचं झोपेतलं चालणं सुटलं, पाठीवर भाऊही आला. गेल्या साली कारखान्याला सिमेंटची जमीन केली. करवत अंगणात काढून गवंड्यानं संध्याकाळी जमीन घोटून आरशासारखी केली. सुतारानं दाराला कुलूप घातलं, किल्ली उशाशी घेतली.

सकाळी उघडलं, तर करवत जिथं असायची तिथं, चाकाच्या जागेसमोर, दोन खळगे. गुडघे टेकल्याचे.

गवंडी म्हणाला, "बुजवून देतो."

सुतारीण म्हणाली, "राहू द्या."

बाकी सगळी जमीन गुळगुळीत होती. तिथवर गेलेलं एक पाऊल नाही. परतलेलंही नाही.