मूठ आणि पंजा

नीलकंठ बक्षींच्या बैठकीत लताबाई आल्या त्या धापा टाकतच. रायपूर राजधानी झाल्यापासून तात्यापारा मोहल्ल्यातला त्यांचा इंग्रजीचा क्लास तुडुंब भरत होता. नव्या हॉटेलच्या स्वागतकक्षात एकच जागा होती. परीक्षेत पहिला येईल त्याचं नाव त्या आज संध्याकाळी हॉटेलला कळवणार होत्या. पहिली आली गुढियारी वस्तीतली ऋता, आणि परीक्षेची कॅसेट आधीच कुणीतरी ऐकलेली निघाली.

"मी ती नेहमी मागे फिरवून ठेवते. काल परीक्षेला लावली तर शेवटाला आलेली. कॅसेट क्लासातल्या कपाटात असते. त्याची एक किल्ली ऋताजवळ होती. दुसरी आमच्या घरी, देवापाशी."

"मग झालंच की," नीलकंठांचे मित्र श्यामकांत म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना निकाल लावायची फार घाई.

नीलकंठांनी परीक्षेची पद्धत विचारली. पोरं डोळे मिटून इंग्रजी शब्द ऐकत. स्वर ऱ्हस्व असेल तर मूठ, दीर्घ असेल तर उघडा पंजा. ऋताचा हात शब्द पुरता संपल्यावरच हलला, पण चुकला नाही. लताबाईंचा मुलगा अनिमेष वर्गात एरवी सगळ्यांत तयार. काल मात्र शब्द सुरू होताच त्याचा पंजा उघडायचा. मूठ एकदाही वळली नाही. घाबरला असेल, त्या म्हणाल्या.

कॅसेटवर आवाज क्लासात शिकवणाऱ्या धर्मपाल सरांचा होता. परीक्षा फोडायचीच असती तर शब्द तोंडीच सांगितले असते, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

क्लासाच्या दारात ऋता कोरड्या डोळ्यांनी उभी होती. "किल्ली मॅडमनंच देली मले. कपाट मी उघडलंच नाही, भैया. मले काहून चोर म्हणून राहिले?"

श्यामकांतांना वाटलं, पोट्टी पक्की आहे.

लताबाईंच्या घरी टेबलावर छोटा टेपरेकॉर्डर होता. नीलकंठांनी बटण दाबलं, तर गाणं रेंगाळत, जड आवाजात निघालं.

"सेल डाउन हैं अंकल, हफ्ते भर से," अनिमेष म्हणाला.

संध्याकाळी क्लासात सगळे जमले. नीलकंठ शांतपणे बोलू लागले.

"घाबरलेला माणूस दोन्हीकडे चुकतो. अनिमेष एकाच बाजूला चुकला, तेही शब्द पुरता ऐकण्याआधी. म्हणजे कॅसेट त्यानं आधी ऐकली होती. सेल उतरले की टेप हळू फिरतो आणि ऱ्हस्व स्वरही लांबतो. घरच्या टेपवर त्याला सगळेच शब्द दीर्घ वाटले, तसेच त्यानं पाठ केले. धर्मपालांनी सांगितलं असतं तर उत्तरं बरोबर आली असती. किल्ली देवापाशी होतीच."

श्यामकांतांनी मान खाली घातली.

"सबको लगता था मैं ही फर्स्ट आऊँगा," अनिमेष पुटपुटला. "कल अलग सुनाई दिया, तो लगा मेरे कान गलत हैं."

"तुले तर सगळं येत होतं रे," लताबाई त्याला म्हणाल्या.

त्यांनी हॉटेलला फोन लावून ऋताचं नाव दिलं. पलीकडच्या माणसानं आपुलकीनं उमेदवारांच्या यादीतल्या त्यांच्या मुलाचं विचारलं.

"उसका नाम काट दीजिए," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ऋतासमोर हात जोडले. "चुकलं माझं, पोरी."

तेव्हा कुठे ऋताला रडू आलं.