उजवी बाही

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. इनायतमामूंनी गच्चीवर आम्हा सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं होतं. पण माझ्या भावाने, शोएबने, दुसऱ्याच दिवशी क्लासमध्ये अर्धंमुर्धं आणि चुकीचं सांगून टाकलं, म्हणून निदान नीट तरी लिहावं.

आमचे राहीलचाचा पूर्वी केनियात, नैरोबीला होते. आता महाडला त्यांचं मोबाइलचं दुकान आहे. दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि फोटो जास्त. फोटोत रबरी बोट, फेसाळ पाणी आणि हेल्मेट घालून दात काढणारे चाचा. तिकडे सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टाना नदीवर राफ्टिंगला गेले होते, हे ते रिचार्जला आलेल्या माणसालाही ऐकवतात. आपल्या सावित्रीला ते मोरी म्हणतात. मोरीला पूर आला की मात्र सगळ्यांच्या आधी माळ्यावर चढतात.

गेल्या शुक्रवारी रात्री इशाच्या नमाजानंतर वीज गेली आणि आम्ही गच्चीवर मामूंभोवती बसलो. मामूंची पूर्वी महाड-पोलादपूर जीप चालायची. "माझ्या ओळखीच्या एका शहाण्याची गोष्ट आहे," ते म्हणाले. नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. शहाणा खाली दारात वाऱ्याला घोरत होता.

सत्त्याण्णव साल, दिवाळीनंतरचा दुसरा शुक्रवार. काम साधं होतं. चाचा नुकतेच परत आले होते आणि अनिलची बॅग त्याच्या आईला पोचवायची होती. अनिल आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरच्या एका वाडीतला. नैरोबीत हॉटेलात स्वयंपाकी होता, राहायचा चाचांच्याच खोलीत, आणि त्यांचंही जेवण तोच करायचा. राफ्टिंगला तोही गेला होता. बोट उलटली, बाकीचे वर आले. त्याचं प्रेतसुद्धा नदीने दिलं नाही.

मामूंच्या जीपमध्ये चाचा सारखे घड्याळ बघत होते. बॅग द्यायची, चहाला नको म्हणायचं आणि निघायचं, असा त्यांचा बेत.

अनिलची आई येसूबाई ओटीवर कंदील घेऊन बसली होती. चहा आधीच तयार होता. पोरगा कसा गेला, एवढंच तिला हवं होतं. चाचांनी सांगितलं की मी नको नको म्हणत होतो, पोहता येत नाही तर काठावर बस म्हटलं, पण तुमचा अनिल ऐकेना.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याच्या दंडाला हिरवी पट्टी कुनी बांधली?"

चाचांचा कप बशीत वाजला.

हिरवी पट्टी म्हणजे इमाम-जामीन. आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडाला कपड्यात नाणं गुंडाळून बांधतात. सुखरूप पोचलं की सोडायचं आणि नाणं गरिबाला द्यायचं. दादीने, म्हणजे चाचांच्या आई महरुन्निसाने, नैरोबीला निघताना त्यांना बांधलं होतं. चाचांनी पोचल्यावर ते सोडलं, पण नाणं कुणाला दिलं नाही. पट्टी गंमत म्हणून बॅगेत ठेवून दिली.

येसूबाई सांगत होती, "रोज कातरवेळी येतो. अंगनात उभा र्‍हातो, दंड पुढं करून. म्हनतो, आये, ही माजी नाय, ज्याची हाय त्याला दे. मी सोडाया जाते... गाठ सुटत नाय." तिने कंदील चाचांच्या तोंडापाशी नेला. "तुजी हाय ना? घेऊन जा."

चाचा चपला घालत होते. "बरं बरं, घेतो," म्हणाले. भिकाऱ्याला पुढे जा म्हणावं तसं.

परतीचा घाट. पहिल्या वळणावर चाचांनी विचारलं, मागे कोण बसलंय? मामूंनी पाहिलं. कोणी नव्हतं.

दुसऱ्या वळणावर चाचा आपणहून बोलायला लागले. अनिल बोटीत बसायला तयार नव्हता. मित्रांसमोर चाचांनी त्याची टर उडवली, डोंगरातला भित्रा म्हणाले. बॅगेतली ती पट्टी काढून त्याच्या दंडाला बांधली. वर म्हणाले, "घे, माझ्या आईचा विमा. आता बुडून दाखव."

सगळे हसले. अनिलही हसला. आणि बसला.

"मग बोट..."

चाचांनी मागच्या सीटकडे पाहिलं.

मामूंनी जीप थांबवली नाही. गाडीत पाण्याचा वास होता. नदी दूर होती... वास तसाच. चाचा उजवा हात मांडीवर धरून बसलेले. बाहीतून ठिबकत होतं. टप. मग बराच वेळ काही नाही...

टप.

घरी दादीने दार उघडलं. तिने त्यांची बाही वर केली. हिरवी पट्टी. ओली. दादी गाठ दातांनी आवळते आणि तिच्या तुटक्या दाताने कपड्याला बारीक चीर पडते. तिने चिरेवरून बोट फिरवलं.

"ही मीच बांधलेली," एवढंच म्हणाली आणि नमाजाला जानमाजवर जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात येसूबाई मामूंना पोलादपूरच्या स्टँडवर भेटली. अनिल आता येत नाय, म्हणाली. रडत होती, पण आता दोन घास जातात म्हणाली.

गच्चीवर शोएब हसला. चुलतबहीण अलीशबाने विचारलं, पट्टी आता कुठे आहे? मामूंनी हनुवटीने खाली दाखवलं. "मे महिन्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, विचारलंस कधी?"

मी भुतांना मानत नाही. चाचांना तर त्याहूनही कमी मानते. त्यांच्या फोटोंच्या गोष्टीत अनिलचं नाव आजवर एकदाही आलेलं नाही, म्हणून मामूंची गोष्ट मला अर्धी तरी खरी वाटते. बाकीची अर्धी तपासायला मी आज दुपारी दोरीवरचा त्यांचा शर्ट काढायला गेले. सकाळपासून कडक ऊन आहे. शर्ट पापडासारखा वाळलाय. डावी बाहीसुद्धा. पण उजवी मी हातात घेतली तर

थांबा, चाचा जिन्यातून हाक मारतायत, उझ्मा, माझा शर्ट वाळला का गो, आणि मी त्यांना काय सांगू, ही बाही तर अजून