सुतार कुणाचा होता

सुताराच्या बायकोनं पेटी टेबलावर ठेवली, पण पेटीच्या कडीवरचा हात काही काढला नाही.

"ही माझ्या नवऱ्याची हत्यारं," ती म्हणाली. "आणि यांच्यामुळेच तो कुणाचाच नव्हता असं ठरतंय."

ताईंनी तिला पाणी दिलं आणि सावकाश सांगायला सांगितलं. ताई खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा असे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून तो यायला लागला, आणि येणारेजाणारे सगळे त्याला भावोजीच म्हणू लागले.

हकिकत साधी होती. नवरा खुर्च्यांच्या कारखान्यात सुतार होता. एके दिवशी फळ्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि तो जागीच गेला. कामगाराच्या घरच्यांना मिळते ती भरपाई तिनं मागितली, तेव्हा मालक म्हणाला, हा आमचा कामगार नव्हताच. स्वतंत्र कंत्राटदार होता. स्वतःची हत्यारं आणायचा, आपल्या मर्जीनं यायचा-जायचा. कामगार अधिकाऱ्यानं तिला विचारलं, हत्यारं कुठं आहेत? तिनं खरं तेच सांगितलं : माझ्या घरी.

"तो रोज घरी आणायचा?" ताईंनी विचारलं.

"कधीच नाही. तो गेल्यानंतर एका सकाळी पेटी दारात होती. कुणी ठेवली ते मी शोधलं नाही. वाटलं, त्याचं काहीतरी परत आलं."

मग ती म्हणाली, "दुपारी घरात कुणी नसलं की मी रंध्याची मूठ धरून बसते. त्याच्या अंगठ्यानं तिथं खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बुडून जातो. तेवढा वेळ बरं वाटतं."

भावोजी खिडकीबाहेर बघू लागले. ताईंनी तिची परवानगी घेऊन एकेक हत्यार उचललं. रंधा, पटाश्या, हातोडी. मुठी हाताच्या मळानं काळवंडल्या होत्या. फक्त बुडाशी लाकूड कोरं दिसत होतं, आणि तेवढ्याच भागावर पॉलिशची चमक होती. तो मुठींना पॉलिश करायचा का, असं ताईंनी विचारलं. ती म्हणाली, छे, त्याला ते मुळीच खपायचं नाही. घामानं मूठ निसटते म्हणायचा.

निघताना तिला एक आठवलं. एकदा तो तापानं फणफणला होता. तिचा भाऊही सुतारच. तो बदली म्हणून कारखान्यात गेला, तर फाटकावरूनच त्याला माघारी पाठवलं. "ह्याला त्याचा केवढा अभिमान. म्हणाला, बघ, माझ्यावाचून त्यांचं अडतं."

ती गेल्यावर भावोजी म्हणाले, "ताई, यात गुंता कसला? ज्याची हत्यारं तो कंत्राटदार."

"पेटी आपल्या पायांनी चालत आली असेल, तर काहीच गुंता नाही."

कारखान्यात मालकानं अगत्यानं स्वागत केलं. भिंतीवर लांबलचक फळा होता. त्यावर प्रत्येक सुताराच्या हत्यारांच्या आकृत्या रंगवल्या होत्या आणि खिळ्यांना हत्यारं टांगली होती. प्रत्येक मुठीच्या बुडाला तापल्या लोखंडानं डागलेली छोटी खुर्ची. फळ्यावर दोन जागा मोकळ्या होत्या. मालक म्हणाला, दोघंही सुतार फार वर्षांपूर्वी सोडून गेले. ताईंनी जवळ जाऊन पाहिलं. एका जागेचे खिळे गंजून तपकिरी झाले होते. दुसऱ्या जागेचे रोज हत्यारं काढून-अडकवून घासले जाऊन लखलखत होते.

मुकादमानं सांगितलं की घंटा झाली की फाटक बंद. उशिरा येणारा बाहेर. सुतारालाही हाच नियम होता का, असं ताईंनी विचारल्यावर तो "सगळ्यांनाच" म्हणाला, आणि मग जीभ चावून, "म्हणजे, तो आपला मर्जीनंच वेळेवर यायचा," असं त्यानं जोडलं. भावोजींना ठसका लागला.

शेवटच्या दालनात पॉलिशवाला खुर्चीवर बोळा फिरवत होता. मालक कौतुकानं म्हणाला, आमच्याकडे पॉलिशला हा एकच हात; पॉलिशच्या डब्याला दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही. आपण आणि सुतार एकाच डब्यातलं जेवायचो, एवढंच पॉलिशवाला बोलला. जाताना मात्र त्यानं खाली मान घालून विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

कामगार अधिकारी कारखान्यात चौकशीला आला त्या दिवशी ताईंनी बाईला फाटकाबाहेरच थांबवलं. "मी बोलले तर तू जिंकशील. पण मग ही पेटी तुझ्याकडे राहणार नाही. कामगाराची हत्यारं कारखान्याची असतात."

तिनं पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बोला," ती म्हणाली.

मालकाच्या खोलीत अधिकारी, मुकादम आणि पॉलिशवाला होते. ताईंनी रंधा उलटा करून अधिकाऱ्यापुढे धरला. मूठ वर्षानुवर्षांच्या मळानं काळी, मग बूडच कोरं का? कारण तिथं काहीतरी होतं ते तासून काढलंय. इथल्या प्रत्येक मुठीला जिथं खुर्ची डागलेली असते, नेमकं तिथं. मग त्या पेटीतली हत्यारं घेऊन त्या फळ्यापाशी गेल्या आणि चकचकीत खिळ्यांच्या जागी एकेक टांगली. रंधा रंध्याच्या आकृतीत बसला, पटाश्या पटाश्यांच्या.

"हत्यारं कारखान्याची," ताई म्हणाल्या. "वेळ कारखान्याची, घंटा झाली की फाटक बंद. कंत्राटदार आजारी पडला तर दुसरा माणूस पाठवू शकतो. याचा मेहुणा आला तर त्याला परत पाठवलं. तुम्हाला काम नको होतं, हाच माणूस हवा होता. मग तो तुमचा नव्हता कसा?"

"पण खूण काढली मालकांनीच ना?" भावोजींनी विचारलं.

"मालकांनी फक्त फायदा उठवला. हत्यारं फळ्यावर नाहीत म्हटल्यावर त्यांना आयतं कारण मिळालं. खूण काढणारा वेगळाच. चोरून तासताना घाई असते, तरी यानं प्रत्येक बूड पॉलिश करून ठेवलं. सुतारानं ते कधीच केलं नसतं. पण ज्याला लाकूड उघडं सोडवतच नाही, असा इथं एकच हात आहे."

पॉलिशवाल्यानं नाकारलं नाही. खूण राहिली असती तर फाटकावर पेटी अडवली असती, तो म्हणाला. "वाटलं, त्याचं काहीतरी घरी असावं. मी वहिनींच्याच गळ्याला फास लावला, हे नंतर कळलं. मग तोंड उघडायचा धीर झाला नाही."

ती पॉलिशवाल्याजवळ गेली. "भाऊजी, ती पेटी आली म्हणून एवढे दिवस निघाले," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं निर्णय सांगितला : सुतार या कारखान्याचाच कामगार होता. मालक कोरडेपणानं म्हणाला की हत्यारं आता फळ्यावरच राहतील. तिनं मान हलवली. रंध्याच्या मुठीवर एकदा हात ठेवला आणि काढून घेतला.

सुटीची घंटा झाली. कामगार फाटकातून बाहेर पडू लागले. भावोजींनी रिक्षा बोलावू का विचारलं. ती नको म्हणाली.

"इतकी वर्षं संध्याकाळी मी दारात उभी राहायची. तो कुठल्या वाटेनं येतो, ते कधी बघितलंच नाही. आज त्या वाटेनं चालत जाते."

पॉलिशवाल्यानं तिला पहिलं वळण दाखवलं. मग ती त्या गर्दीत मिसळून घरी निघाली.