लाट अडते तिथं

मार्शल बेटांतलं आमचं एनेजोक एवढंसं आहे. चुलीवर भात ठेवून निघालात तर दुसऱ्या टोकाला जाऊन, भात करपायच्या आत परत याल. डोंगर नाही की टेकाड नाही. माड दिसतात ते अगदी जवळ आल्यावर. म्हणून आमच्याकडे बेट डोळ्यांनी नाही, पाठीनं शोधतात. जाणता माणूस होडीच्या तळाशी उताणा पडतो. बेटाला आपटून फिरलेली लाट त्याच्या पाठीला कळते. तो सांगेल तिकडे सुकाणू वळवायचं, उलट बोलायचं नाही.

माझे बाबा, लाकेबोल, असे जाणते.

माझ्या लिजोमाला चार दिवस ताप होता, खोकून खोकून पोर अर्धी झाली होती. तिला सासूपाशी ठेवून मी आणि बाबा शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन निघालो. दुपारी समोर आमचे माड दिसले, चुलीचा धूरसुद्धा.

"डावीकडे घे," बाबा खालून म्हणाले.

"बाबा, बेट समोर आहे."

"तिथं लाट अडत नाहीये. आरपार जातेय."

"म्हातारपणी पाठ बधिर झाली वाटतं तुमची."

"याच पाठीच्या जिवावर जेवलीस इतकी वर्षं. वळव."

मी वळवलं. हे हात तोडून टाकावेसे वाटतात अजून. माड मागे पडले, मग दिसेनासे झाले.

बऱ्याच वेळानं बाबा उठून बसले. "आलो," म्हणाले.

चहूकडे नुसतं पाणी होतं, काळंनिळं. पण भाजलेल्या नीरफणसाचा वास येत होता. आणि कुणीतरी खोकत होतं.

तो खोकला मी ओळखला.

बाबा होडीच्या बाजूला बांधलेल्या उलांडीच्या लाकडावरून खाली उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंतच आलं.

मी वल्हं उभं खाली घातलं. तळ लागला नाही.

"गोळ्या दे." त्यांनी हात पुढे केला. "पोर फार तापलीय."

मी पुडी छातीशी धरली. "आधी वर या," एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी हात मागे घेतला. मग पाठ फिरवून चालत गेले.

खोकला थांबला.

मी शीड फिरवलं. एनेजोकला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. लिजोमा गेली होती.

सासू माझ्याकडे बघेना. "दुपारी तुझे बाबा आले," ती म्हणाली. "ओल्या पायांनी तिच्या उशाशी बसले. तिनं औषध मागितलं, तर म्हणाले, तुझ्या आईनं दिलं नाही."