चार पायांची सवत

सन चव्वेचाळीसच्या माघ महिन्यातील ती सकाळ रोजच्यासारखीच होती. अंजनाने गोठ्यातले शेण काढले, विहिरीच्या दोन खेपा आणल्या, चूल पेटवली आणि ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतून भाकरी थापायला घेतल्या. तिसरी भाकरी तव्यावर असताना अंगणातून पोस्टमनची हाक आली आणि भाकरी करपली.

थोरली जाऊ शालूबाई ती कालथ्याने उचलून म्हणाली, "ही तूच खा. नवऱ्याच्या कागदापायी जळलीया."

अंजनाचा नवरा मानसिंग मराठा पलटणीत होता आणि पलटण इटलीच्या डोंगरांत लढत होती. लग्नानंतर चाळीस दिवसांनी तो गेला, त्याला आता दोन वर्षे होत आली होती. पत्र येई ते सासऱ्यांच्या, आप्पासोंच्या नावे. मग शाळेतल्या गुरुजींना बोलावणे जाई. ओट्यावर पुरुषमाणसे बसत, बायका दाराआड उभ्या राहून ऐकत. वडिलांना लिहिलेल्या पत्रात मुलाने बायकोचे नाव घालायचे नाही, ही त्या घराची रीत होती.

आजच्या पत्रात थोरामोठ्यांना दंडवत झाले, बैलांची विचारपूस झाली, उसाला पाणी पोचते का हेही विचारून झाले. 'घरच्या मंडळींनी प्रकृतीस जपावे,' असे एक वाक्य आले. त्यातले आपल्या वाट्याला किती, हे अंजनाने मनाशी ठरवून घेतले. आणि मग मैना आली.

मैना म्हणजे पलटणीच्या खेचरांतली एक मादी. दारूगोळा आणि शिधा घेऊन बर्फातून डोंगर चढणारी. ती म्हणे मानसिंगखेरीज कुणाला पाठीवर खोगीर घालू देत नसे. गूळ खायची तो त्याच्याच तळहातावरचा. चढ आला की अडून बसायची. मग तो तिच्या कानाशी काहीबाही बोलायचा आणि ती मुकाट चालू लागायची. 'तिचे डोळे फार बोलके आहेत,' गुरुजींनी वाचले, आणि सारा ओटा हसला.

"आली गं तुझी सवत," शालूबाई तिच्या कानाशी पुटपुटली. "चार पायांची हाय. तुला काय गावायची न्हाई."

अंजना हसली नाही. एका जनावराचा हेवा वाटावा याची तिला लाज वाटली. पण लाजेने हेवा काही कमी झाला नाही. दुपारी वैरण टाकताना गाय तिचा हात हुंगायला पुढे आली, तर तिने तिला विनाकारण ढकलले. मग वाईट वाटून बराच वेळ तिची मान खाजवीत उभी राहिली.

तो मैनेच्या कानात काय बोलत असेल... हा एकच विचार तिला सोडीना. कारण त्याचे बोलणे तिला ठाऊक होते. पाटणजवळच्या तिच्या माहेरी, भाऊ केरबाकडे आलेला तो खाकी कपड्यातला परका माणूस विहिरीवर थांबला होता आणि पाणी मागत होता. ती कळशी ओतत राहिली, तो ओंजळीने पीत राहिला. त्याचे पिणे काही केल्या संपेना.

"तहान हाय का हौद भरायचाय?" तिने विचारले होते.

"पानी संपलं की जावं लागंल," ओंजळीतून मान वर न करता तो म्हणाला, "म्हून... सावकाश पितोय."

कळशी रिकामी झाली. "आता?"

"आता — विहीर हाय की."

ती पदरात तोंड लपवून हसली होती. दोन महिन्यांत लग्न झाले. आणि अशा बोलक्या माणसाचे सारे बोलणे आता मैनेच्या कानात जात होते!

दुसऱ्या दिवशी आप्पासोंनी उत्तर सांगायला घेतले. कुणाला काही कळवायचे आहे का, असे त्यांनी दाराकडे पाहून विचारले. त्या मुक्या जनावराला जप म्हणावे, असे सासूबाईंनी सांगितले आणि गुरुजींनी तेही लिहून घेतले. अंजना आत चुलीकडे वळली.

शनिवारी दोघी जावा वांग्यांच्या पाट्या घेऊन सांगलीच्या बाजाराला गेल्या. माल संपल्यावर अंजना घराची वाट सोडून पोस्टाकडे वळली. तिथे झाडाखाली एक म्हातारा लेखनिक पत्रे लिहून देत असे.

"मामंजींना कळलं तर गं?" शालूबाईने विचारले.

"कळंलच की," अंजना म्हणाली.

तिने पत्त्यासाठी जपून आणलेला जुना लिफाफा पुढे केला. मायना काय घालू, असे म्हाताऱ्याने विचारले. तो तिला सुचला नाही. तिने सरळ सांगायला सुरुवात केली.

"चढाच्या आदी मैनेला वाईच दम खाऊ द्या. माज्या वाटचा गूळ बी तिलाच घाला. त्या डोंगरात ती तुमच्या संगं हाय, तवा तिच्यावर माजा राग न्हाई..." ती थांबली. टाक कागदावर थबकला. "असं नगा लिवू. राग हाय, पर थोडा. तिच्या कानात काय बोलता, ते मला बी लिवा. आन् मला मंडळी म्हनू नगा. माजं नाव अंजना हाय."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. अशा पत्राचा जबाब घरी गेला तर चारचौघांत वाचला जाईल, हवे तर तो माझ्या पत्त्यावर मागव आणि एखाद्या शनिवारी येऊन ऐकून जा, असे त्याने समजावले. शालूबाईने तिला कोपराने ढोसले. सोय चांगली होती.

अंजनाच्या डोळ्यांपुढे सासऱ्यांचा कडक चेहरा आला, अडखळणारे गुरुजी आले, हसणारी माणसे आली. तिचे कान तापले.

"घरचाच पत्ता घाला," ती म्हणाली. "आमच्या ओट्यावर वाचू द्या."

शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग पाकीट तिने स्वतःच्या हाताने पेटीत टाकले आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन शालूबाईच्या पुढे चालू लागली.